जांगड आणलेली गाडी

परीक्षा संपल्या की डोंबिवलीत दोन गोष्टी एकदम सुरू होतात, घामोळं आणि कैऱ्या. यंदाही झाल्या. मुलाचा शेवटचा पेपर झाला, दप्तर दाराशी पडलं ते अजून तिथंच लोळतंय, आणि चिरंजीव टीव्हीसमोर पालथे. गाड्यांच्या शर्यतीचा कुठलातरी नवा गेम आलाय. काय ते रस्ते, काय ते डोंगर, टायरखालची खडीसुद्धा ऐकू येते. मी आत लोणच्याच्या कैऱ्या पुसत होते. तेवढ्यात हाक आली, "आई, जरा ये ना, एक बटण दाबायचंय."

गेले. पडद्यावर प्रश्न होता, गेम कसा वाटला? आणि खाली रिकाम्या चांदण्यांची रांग.

"दे काहीतरी," तो म्हणाला. त्याची बोटं कैरीच्या तिखटमिठानं बरबटलेली. "त्याशिवाय पुढे जात नाही ते."

"मी नाही देणार."

"अगं, नुसत्या चांदण्या तर द्यायच्यात! आपलं काय जातंय?"

"नाही म्हटलं ना एकदा!"

एवढ्या जोरात म्हणाले की आतून सासूबाई बाहेर आल्या, काय झालं गं म्हणून. काय सांगणार? झालं काहीच नव्हतं. कैरी तशीच हातात धरून मी उभी, आणि मुलगा माझ्याकडे असा बघतोय की आईला ऊन लागलं बहुतेक.

मी कशालाच चांदण्या देत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. रिक्षावाल्याला नाही, हॉटेलला नाही, ऑनलाइन मागवलेल्या चादरीला नाही. नणंद साडी अंगाला लावून विचारते, "वहिनी, कशी दिसते?" मी म्हणते, "तू बघ बाई, तुला नेसायचीय." तिला वाटतं मी शिष्ट आहे. असेन. पण आयुष्यात एकदा मी एका वस्तूबद्दल खरं खरं मत दिलं होतं, अगदी जीव तोडून, आणि त्याचं जे झालं त्यानंतर माझं मत मी माझ्यापाशी ठेवते. ती वस्तूही गाड्यांच्या शर्यतीचा गेमच होती. आणि दिवस हेच, परीक्षा संपल्यानंतरचे, चिकट.

बाकीच्या मुलांचे मामा कोकणात नाहीतर घाटावर असायचे. माझा मामा ठाण्यात, खोपटला. मामाच्या गावाला जायचं म्हणजे डोंबिवलीहून ठाणं, पिशवीतला डबा उघडायच्या आत उतरायची वेळ. आमच्या बिल्डिंगमधली मुलं चिडवायची, "ह्या! हे काय मामाचं गाव?" मला वाईट वाटायचं नाही. कारण त्यांच्या मामांच्या गावी जाणाऱ्या सगळ्या लाल गाड्या माझ्या मामाच्या दारासमोरून सुटायच्या. खोपटचा एस्टी डेपो समोर, आणि अलीकडे एका बिल्डिंगच्या जिन्याखालच्या गाळ्यात मामाचं दुकान. डिझेलचा वास, भोंग्यातून येणारा तो कंटाळलेला आवाज, ताडगोळे सोलणारी बाई, पत्र्याच्या ट्रंकेवर बसून पेंगणारे लोक. मला ते सगळं फार आवडायचं. अजूनही कुठं डिझेलचा धूर आला तर पहिल्यांदा सुट्टीच आठवते, आणि मग बाकीचं आठवतं.

शशीमामा आईचा धाकटा भाऊ. हसरा, बोलका, शर्टाची वरची दोन बटणं उघडी. बोलायला लागला की समोरचा आपली एस्टी विसरायचा. आधी तो सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेट भाड्यानं द्यायचा. मग घरोघरी केबल आलं आणि त्या कॅसेटांवर धूळ बसायला लागली. ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. मामानं मग टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आणले. गिऱ्हाइकानं सेट दिवसभरासाठी भाड्यानं घरी न्यायचा, नाहीतर दुकानातच स्टुलावर बसून पैसे देऊन एकेक डाव खेळायचा. गेमच्या त्या चौकोनी प्लास्टिकच्या डब्यांनाही आम्ही कॅसेटच म्हणायचो.

या कॅसेट मामा मुंबईहून जांगड आणायचा. हा शब्द आजोबांच्या कापडाच्या दुकानातला. दुकान गेलं, पण शब्द मामाच्या तोंडी राहिला. जांगड म्हणजे पसंतीवर आणलेला माल. साड्यांचा गठ्ठा घरी न्यायचा, बायका उलगडून बघणार, खांद्यावर टाकून बघणार, आवडली तर ठेवायची, नाही तर जशी आणली तशी परत. ना लिहिणं ना पुसणं. देणाऱ्याचा घेणाऱ्यावर भरवसा, एवढंच भांडवल. मामा म्हणायचा, "जांगड मालाला एकच नियम. नापास झाला की घरात ठेवायचा नाही. ठेवला तो चोर."

पण पास-नापास ठरवायचं कोणी? मामाला गेम खेळता यायचा नाही. पहिल्याच वळणावर गाडी भिंतीत. मामीला त्या टुंइटुंइ आवाजानं डोकं चढायचं. राहता राहिले मी. तेव्हा आठवीची परीक्षा देऊन नुकतीच मोकळी झालेली, दोन वेण्यांची, घरात कोणी खिजगणतीत न धरलेली. आमच्याकडे बाबांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "तुला काय कळतंय त्यातलं?" पडद्याच्या कापडापासून माझ्या स्वतःच्या चपलेपर्यंत सगळ्याला हेच. आणि इथं हा मामा, भलामोठा माणूस, कॅसेट माझ्या हातावर ठेवून विचारत होता, "भाचीबाई, बघा बरं. ठेवायची का परत करायची? तू म्हणशील तसं." मी फुगले की हो! त्या सुट्टीत मी जमिनीवरून चालत नव्हतेच.

आणि काम मी मनापासून करायचे. वरच्या मजल्यावर मामाचं घर, तिथं जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. सकाळचं पाणी भरून झालं, मामीला चटणी वाटून दिली की मी चटईवर बसायचे. आधी बघायचं, बटण दाबल्यावर गाडी लगेच वळते का विचार करून वळते. धडकल्यावर नुसती थांबते का पेटत बसते. पेटत बसणारी गाडी गिऱ्हाइकाला आवडत नाही, त्याला वाटतं आपला वेळ जळतोय. मग महत्त्वाचं म्हणजे डाव केवढा. आमचं बरंचसं गिऱ्हाईक एस्टीची वाट बघणारं. मुरबाडची गाडी लागायच्या आत डाव संपला पाहिजे, नाहीतर माणूस अर्धवट टाकून पळणार आणि मामाला शिव्या देणार. हे सगळं मला कोणी शिकवलं नव्हतं. मी बघून बघून काढलं होतं, आणि मामा ते मान डोलावत ऐकायचा.

त्या सुट्टीत मला एक मैत्रीण मिळाली, बेबी. तिचं खरं नाव शाळेतल्या बाईंशिवाय कोणी घेत नव्हतं. चेंदणी कोळीवाड्यातली. तिची आई दुकानाच्या कोपऱ्यावर मासळीची टोपली घेऊन बसायची आणि बेबी पाणी मारायला, निवडायला सोबत. विक्री झाली की ती आमच्या दाराला टेकून गेम बघत उभी राहायची. एकदा मी तिच्या हातात बटणं दिली, आणि बघतच राहिले. करंदी सोलून सोलून तिची बोटं अशी चपळ झालेली, की गाडी तिच्या मनातलं ओळखून वळायची. माझ्यापेक्षा ती कितीतरी चांगली खेळायची. मी फक्त बघायचे चांगलं.

"ए डोंबिवली," ती मला म्हणायची, नाव कधी घेतलं नाही तिनं. "तुजा मामा तुला इचारून माल ठेवतो?"

"मग! मी नापास केला की जांगड परत."

"भारीच हाय. माना आयस काय पन इचारीत नाय. टोपली पुढ्यात टाकते नि बोलते सोल."

दुपारी वीज गेली की आम्ही दोघी जिन्यात बसायचो. तिच्या फ्रॉकला सुकटीचा वास, माझ्या केसांना खोबरेल तेलाचा. ती करवंदं आणायची, मी मामीच्या डब्यातले शेंगदाणे. गेमचा सेट आपल्या घरी असावा हे तिचं एकच वेड. तिच्या घरी टीव्ही होता, काकानं आणलेला. "सेट मिलाला ना, तर मी दिवसभर बाहेर पडाचीच नाय," म्हणायची. आणि मीही तिला म्हणायचे, मिळेल गं, मिळेल.

मग ती शर्यतीची कॅसेट आली. पिवळं प्लास्टिक, वर चिकटवलेल्या चित्रात डोंगर, समुद्र आणि टोपीवाली बाई. आत यातलं काही नव्हतं. नुसते रस्ते, दोन्ही बाजूंना खांब, आणि गाड्या. पण सांगते, गेम होता झकास. गाडी लोण्यासारखी वळायची, डाव आटोपशीर. पहिल्या शर्यती मी हसत हसत पार केल्या. पास म्हणून टाकणारच होते, तर शेवटची शर्यत लागली. तिच्यात फक्त दोनच गाड्या, एक आपली आणि एक काळी.

ती काळी गाडी काही हरेना. सबंध रस्ता मी पुढे, आणि शेवटच्या वळणावर ती कुठून यायची कोण जाणे, अंगाला न लागता शेजारून सुर्रकन पुढे. एकदा झालं, दोनदा झालं. मला वाटलं आपलंच चुकतंय. मी आतल्या बाजूनं वळून बघितलं, बाहेरच्या बाजूनं बघितलं, तिची वाट अडवून बघितली. ती आरपार गेली. शेवटी वैतागून मी रस्त्यात मधेच गाडी उभी केली आणि पाणी प्यायला उठले. पाणी पिऊन आले तर काय, काळी गाडीपण पुढे खांबाशी उभी! माझी वाट बघत. मी हळू निघाले, ती हळू निघाली. मी सुसाट, ती सुसाट. आणि शेवटचं वळण आलं की तिचं तेच. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ही शर्यतच नाहीये. शेवट आधी ठरलाय आणि आपल्याला नुसतं पळवतायत. आमच्या गल्लीत याला रडीचा डाव म्हणतात. कोणीतरी चोरून बनवलेली, कुठंतरी बिघडलेली नक्कल असणार ती. पण तेव्हा मला त्या गाडीचा असा राग आला, जसा माणसाचा येतो.

मी धावत खाली गेले. दुपारची वेळ, दुकानात मामा एकटाच टेबलफॅनसमोर बसलेला. मी म्हटलं, "मामा, नापास. परत कर."

"का गं? मघाशी तर छान म्हणत होतीस."

"शेवटची गाडी फसवते. कोणीच जिंकू शकत नाही."

दुकानातल्या रंगीत टीव्हीवर मी त्याला दाखवलं. तिथं ती गाडी काळी नव्हती, लालभडक होती. मामा हसायला लागला, "अरे, ही तर आपली एस्टी!" पण मग हसू थांबलं. तो खुर्ची पुढे ओढून बसला. "पुन्हा दाखव," म्हणाला. मी पुन्हा दाखवलं. उभी करून दाखवली, सुसाट नेऊन दाखवली, वाट अडवून दाखवली.

"म्हणजे कितीही चांगला खेळणारा असला तरी?"

"कितीही."

"नक्की?"

"देवाशपथ, मामा. मी सगळं करून बघितलंय. ही गाडी कोणालाच हरणार नाही."

मामानं माझ्या डोक्यावर टपली मारली. "शाब्बास गं माझ्या वाघिणी! किती बारीक बघतेस." डेपोच्या दारावरून थंडगार गोटी सोडा आणून दिला मला. तो सोडा मी घोट घोट पुरवला. एका मोठ्या माणसाला मी फसण्यापासून वाचवलं, असं मला वाटत होतं. त्या दुपारइतकं शहाणं मला पुढे कधी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामीबरोबर बाजारातून आले तर दुकानावर नवी पाटी. पेंटरकडून रंगवून घेतलेली, रंग अजून ओला. लाल गाडीचं चित्र आणि खाली, "लाल गाडीला हरवा, व्हिडिओ गेमचा सेट घरी न्या!" आत ही गर्दी. डेपोतले कंडक्टर, कॉलेजची पोरं, ट्रंका सोडून आलेले प्रवासी. आणि माझा मामा त्या सगळ्यांच्या मधे उभा राहून मोठ्यानं सांगत होता, "अवघड काही नाही हो! माझी भाची, एवढीशी पोर, तिनं हरवून दाखवलीय. विचारा तिला!"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात मेथीची जुडी होती, ती मी एवढी आवळली की हिरवं पाणी निघालं.

गर्दी हटल्यावर मी मामाला गाठलं. "मामा, मी कुठं हरवली? ती हरतच नाही. मी तुला दाखवलं ना!"

"दाखवलंस की."

"मग खोटं का सांगतोस?"

"अगं वेडे, खोटं कसलं? दुकानदारी आहे ही. लोक हौसेनं खेळतात, मजा करतात. कोणाचं काय बिघडतंय?" आणि मग आवाज खाली आणून, माझ्या खांद्यावर हात ठेवून, लाडानं, "तू घरातली आहेस ना? घरातल्यानं घरातलं बोलायचं नसतं."

हे त्यानं इतक्या प्रेमानं सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पण बेबीला मी सांगितलंच. त्याच दुपारी, जिन्यात. म्हटलं, "बेबी, तू नको खेळूस तो डाव. ती गाडी हरत नाही. मी नापास केलीय कॅसेट."

तिनं करवंदाची बी थुंकली आणि विचार केला. बेबी काही मूर्ख नव्हती. "तूच बोललीस ना, नापास झाली का जांगड परत जाते?"

"हो."

"मंग ही तर हितंच हाय."

माझीच फुशारकी तिनं माझ्यापुढे ठेवली. मी शपथा घेतल्या, देवाच्या, आईच्या, विद्येच्या. गळ्याला चिमटा घेऊन सांगितलं. तर ती म्हणाली, "सेट तुला पायजे आसंल तर तसा बोल ना गो." आणि उठून गेली. आईची टोपली आवरायची होती म्हणाली. टोपली तर केव्हाच आवरून झालेली.

मग तो सबंध महिना बेबी खेळत राहिली. सुकट निवडून, सोलून जे चार पैसे हाताला लागतील ते घेऊन यायची आणि स्टुलावर बसायची. मला बघितलं की मान फिरवायची. मी जिन्यात एकटी बसून आतला आवाज ऐकायचे. गाडी वळल्याचा आवाज, आणि मग लाल गाडी पुढे गेल्याची ती भिकार पिपाणी. जरा वेळ शांत. पुन्हा गाडी सुरू. मला वाटायचं, आत जावं आणि वायर उपटून टाकावी. मामी म्हणायची, "अशी तोंड पाडून का बसतेस गं, मामानं काही कमी केलंय का तुला?" नव्हतंच केलं. रोज मला आइस्फ्रूट आणून देत होता, मी ते मोरीत टाकत होते.

सुट्टी संपत आली आणि बेबीचा तो डाव झाला. मी आयुष्यात तशी गाडी चालवलेली बघितली नाही. एका खांबाला घासली नाही. वळण आलं की तिची मान किंचित कलायची, बस्स. पोरं ओरडायची थांबली. ताडगोळेवाली आत येऊन उभी राहिली. मामाही गल्ला सोडून बघायला आला, आणि क्षणभर मला वाटलं, देवा, होऊ दे, एकदा माझं खोटं ठरू दे! शेवटचं वळण आलं. लाल गाडी आली. शेजारून सुर्रकन गेली.

पिपाणी वाजली. बेबीनं टीव्हीकडे बघितलं नाही. ती स्टुलावर वळली आणि सगळ्यांच्या देखत मला म्हणाली, "ए डोंबिवली. कशी जिकलीस ता सांग."

"मी नाही जिंकले."

"तुजा मामा बोलतो जिकलीस."

"मी नाही जिंकले, बेबी. कोणीच जिंकत नाही."

"मंग मामा खोटा बोलतो?"

मामा माझ्यासमोर उभा, त्याच्या चेहऱ्यावर तेच हसू. मी म्हटलं, "हो. खोटं बोलतो."

आणि मामा खदखदून हसला. मनापासून, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बघा बघा, काय बेरकी आहे कार्टी! ट्रिक सांगायची नाही म्हणून मामाला खोटं पाडते! अहो, माझीच भाची ती, उगाच का!" सगळे हसले. कंडक्टर हसले, पोरं हसली, ताडगोळेवाली पदर तोंडाला लावून हसली. कोणीतरी माझी वेणी ओढली. "सांग ना गं, सांग ना ट्रिक!" मी ओरडत होते, नाहीये ट्रिक, नाहीये, आणि जितकी ओरडत होते तितके ते हसत होते. एकटी बेबी हसली नाही. स्टुलावरून उतरली, चप्पल शोधली आणि गेली.

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, खरं बोललं की लोकांना ते कळतं. निदान मोठ्यानं बोललं की कळतं.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं, रडून रडून. आई तांदूळ निवडत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गंमत केली असेल गं त्यानं. शशीचा स्वभावच तसा." मी म्हटलं, "आई, ही गंमत नाहीये." तर तिचा आवाज चढला, "माझा भाऊ आहे तो. एका खेळण्यावरून एवढं?" संपलं. पुढच्या वर्षीपासून मी मामाकडे गेले नाही. कधी क्लास सांगितला, कधी ताप.

पण मामा टाळायचा म्हटला तरी कुठवर? आपल्यात लग्नाला मुलीला मामानंच आणायचं असतं. मंगलाष्टकं सुरू होणार, अंतरपाट धरलेला, आणि गुरुजी माइकवरून पुकारतायत, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!" आला. नवा झब्बा, टोपी, तेच हसू. माझा कोपर धरला आणि चालता चालता कानाशी म्हणाला, "घाबरू नकोस गं, मी आहे ना." डोळे भरून आले त्याचे, खोटं नाही सांगत. फोटोत माझेही भरलेले दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, काय बाई मामा-भाचीची माया! मी तेव्हा त्या पाटीचा विचार करत होते. ओल्या रंगाच्या त्या पाटीचा. लग्नाच्या दिवशी कोणी असला विचार करतं का? पण आला मनात.

बेबी मला त्यानंतर एकदाच भेटली. लग्नानंतर, ठाण्याच्या बाजारात. मी पापलेट बघत वाकले तर समोरची कोळीण म्हणाली, "ए डोंबिवली!" अंगानं भरलेली, केसात अबोली, हातात कोयता. मला केवढा आनंद झाला! तिनं मुलांची चौकशी केली, स्वतःची सांगितली, भाव न करता मोठं पापलेट घातलं. रागाचा मागमूस नाही. मला वाटलं, चला, मिटलं. पिशवी माझ्या हातात देताना ती पुढे झुकली आणि डोळे मिचकावून म्हणाली, "आता तरी सांग गो. ती लाल गाडी कशी हरवलेलीस?"

"बेबी, खरंच नाही हरवली गं मी."

ती एवढी हसली की शेजारची बाई बघायला लागली. "आजून पन नाय सांगत! काय गो तुजा हिशोब!"

परवा त्या चांदण्यांवरून भांडण झालं, संध्याकाळी मी मुलाला त्या लाल गाडीचं सांगितलं, आणि त्यानं मला समजावलं. म्हणाला, "आई, सगळ्याच गेममध्ये दुसऱ्या गाड्या आपली वाट बघतात. आपण मागे पडलो की हळू होतात, पुढे गेलो की गाठतात. मुद्दाम तसं ठेवतात, नाहीतर खेळायला मजा येणार नाही. तू उगाच चिडतेस." मी म्हटलं, "गाडीवर नाही चिडत रे." "मग?" मी लोणच्याची बरणी पुसायला घेतली.

रविवारी ती बरणी घेऊन मी लोकलनं दिव्याला गेले. मामा आता मुलाकडे असतो तिथं. लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही, दारात भरलेल्या कॅनची रांग. मामा पलंगावर बसलेला, अंगात बनियन, दात काढून वाटीत ठेवलेले. मला बघून दात घातले आणि मग हसला. लोणच्याची फोड चाटून "फक्कड!" म्हणाला. मी म्हटलं विचारून टाकू, आता नाही तर कधी.

"मामा, ती लाल गाडी आठवते?"

"न आठवायला काय झालं! अगं, तिच्यावर अख्खा पावसाळा काढला दुकानानं."

"मी तुला ती परत करायला सांगितलेली. नापास केलेली मी. तू माझं ऐकलं नाहीस."

इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं वाक्य होतं ते. मामानं फोड खाली ठेवली. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं, जरासं वाईटही.

"ऐकलं नाही? असं कसं म्हणतेस? तुझं ऐकलं म्हणून तर ठेवली ती! दुसऱ्या कोणी सांगितलं असतं ना, की ही गाडी कोणालाच हरत नाही, तर माझी छाती झाली नसती सेट बक्षीस लावायची. कोणी जिंकलं असतं म्हणजे? पण तू शपथेवर सांगितलंस. मी म्हटलं, भाचीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. डोळे मिटून पाटी रंगवायला टाकली."

आणि तो माझ्याकडे कौतुकानं बघत राहिला, त्या दुपारी बघितलं होतं तसाच.

खाली टँकर आला, बायकांची पळापळ सुरू झाली, मामाची सून कॅन घेऊन धावली. बेबीपुढे मी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली होती, भर दुकानात किंचाळले होते, आईपुढे रडले होते. एकालाही ते पटलं नव्हतं. त्या अख्ख्या सुट्टीत माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा माणूस एकच होता, आणि तो हा, माझ्यासमोर बसून बोटं चाटत होता.

"लोणचं कसं झालंय ते सांगितलं हं मी," मामा म्हणाला. "आता पुढच्या वर्षीपण आण."

मी रिकामी पिशवी उचलली आणि खाली उतरले.